बस्तरची जुनी घडवा (ढोकरा) मूर्ती: वय कसं ताडायचं, कोणते कागद मागायचे, निगा कशी राखायची?

रानवाट

मंडळी, नागपुरातल्या एका जुन्या वस्तूंच्या विक्रेत्याकडे बस्तरची घडवा, म्हणजे मेणाचा साचा करून ओतलेली, पितळी मूर्ती बघून ठेवली आहे. घोडेस्वार, उजव्या हातात तलवार, डावा हात घोड्याच्या मानेवर. उंची १७ सें.मी., चौथरा ११ सें.मी. लांब, वजन १ किलो ४१० ग्रॅम. रंग गडद तपकिरी. स्वाराच्या मांडीखाली आणि लगामाच्या खाचेत हिरवट भुकटी आहे. स्वाराच्या कपाळावर आणि घोड्याच्या छातीवर शेंदूर. विक्रेत्याच्या म्हणण्याप्रमाणे सव्वाशे वर्षं जुनी, एका देवगुडीतून (गावदेवाच्या ठाण्यातून) आलेली. किंमत ८५ हजार. बिल मात्र 'हस्तकलेची वस्तू' म्हणून देणार.

प्रयोगशाळेत न जाता वय ताडता येईल का? असं बिल चालतं का? आणि घेतलीच तर ती हिरवट भुकटी काढायची कशी?

त्याच्याकडेच दंडामी माडिया या बस्तरमधल्या आदिवासींचा नाचातला शिरोभूषणाचा मुकुटही आहे, गव्याची शिंगं आणि समोर कवड्यांची झालर असलेला. तोही फार सुंदर आहे. त्याबद्दलही सांगा.

---

मेणसाचा

वर्णन नेमकं दिलंत, त्यामुळे नेमकं उत्तर देता येईल.

आधी हे काम कसं होतं ते बघा, कारण पारखायच्या सगळ्या खुणा त्यातच आहेत. बस्तरमधल्या कोंडागावचे आणि आसपासचे घडवा कारागीर काळ्या मातीत भाताचं तूस मळून आकृतीचा गाभा करतात. तो वाळला की शेण आणि चाळलेल्या मातीचा हात देतात, वरून वालवर्गातल्या शेंगांच्या वेलाचा पाला घासतात, म्हणजे मेण नीट धरतं. मधमाश्यांचं मेण राळ घालून वितळवतात, गाळतात आणि लाकडी पिचकीतून दाबून त्याचे दोरे काढतात. हे दोरे गाभ्याभोवती शेजारी शेजारी लपेटत जायचं. डोळे, दागिने, लगाम, तलवार सगळं मेणाचंच. त्यावर कोळशाची पूड, शेण आणि माती यांचा अगदी बारीक थर, आणि बाहेरून वारुळाची माती व तूस यांचा जाड थर. भट्टीत मेण वितळून निघून जातं आणि त्या पोकळीत पितळ उतरतं. मेणाची घनता एकाहून किंचित कमी, पितळेची साडेआठच्या आसपास, म्हणजे मेणाच्या नऊपट वजनाचं पितळ लागतं; ओतायची वाट धरून कारागीर दहापट घेतात. गार झाल्यावर बाहेरची माती फोडतात. गाभा बहुधा आतच राहतो.

यातून पहिली गोष्ट अशी निघते की साचा एकदाच वापरला जातो, त्यामुळे तंतोतंत सारख्या दोन मूर्ती असूच शकत नाहीत. विक्रेत्याकडे तसाच दुसरा घोडेस्वार असेल तर दोन्ही शेजारी ठेवून एखादा दोष शोधा: आखूड राहिलेला कान, पोटाखालचं छिद्र. तोच दोष त्याच जागी दोन्हींवर दिसला तर रबरी साच्यातून काढलेल्या प्रती आहेत. मूळ मूर्तीवरून साचा घेऊन ओतलेली प्रत नेहमी मूळापेक्षा दोनेक टक्के लहान येते, कारण पितळ थिजताना आकसतं, आणि दोऱ्यांच्या कडा बोथट येतात. वाळूच्या साच्यातली नक्कल असेल तर दोन्ही बाजूंना, विशेषतः घोड्याच्या पायांच्या आतल्या अंगाला, साच्याचे दोन भाग जुळल्याची उभी रेघ असते. ती कानशीने घासून टाकतात, पण पायांच्या बेचक्यात कानस पोचत नाही. तिथे बॅटरी मारून बघा.

दुसरी खूण गाभ्याची. चौथऱ्याखालून किंवा घोड्याच्या पोटाच्या छिद्रातून आत बघा. खरा गाभा भाजलेला, टणक, काळा ते विटकरी असतो आणि त्यात तुसाच्या आकाराच्या बारीक पोकळ्या दिसतात; काहींत तुसाची पांढुरकी राखही असते. पिठूळ, फिकी, नखाने निघणारी माती म्हणजे नंतर भरलेली माती.

तिसरी आणि सगळ्यांत महत्त्वाची खूण म्हणजे झीज कुठे झाली आहे. पुजेतल्या मूर्तीला तेल-हळद लागते, ती जत्रेला नेली जाते, तीच तीच जागा हातात धरली जाते. म्हणून नाक, गुडघे, स्वाराचे खांदे, घोड्याचं कपाळ आणि पाठ इथले दोरे घासून सपाट झालेले असतात, आणि दोन बोटं लांबच्या खाचेत, मानेखाली किंवा लगामाच्या आत, तेच दोरे अजून उठून दिसतात. हा फरक हळूहळू यायला हवा. यंत्रावर घासलेल्या मूर्तीत सपाटपणा एकदम सुरू होतो, एकदम संपतो, आणि दहापट भिंगाखाली समांतर, किंचित वाकड्या ओरखड्यांचा पट्टा दिसतो.

आता रंग. तुमच्या वर्णनात मला खटकली ती हिरवी भुकटी. झोपडीत, धुराजवळ, तेल लागत राहिलेलं पितळ तपकिरी-काळं होतं, त्यावर सहसा हिरवी भुकटी येत नाही. अशी भुकटी धरतं ते बहुधा पुरलेलं, ओलीत पडलेलं, नाहीतर मीठ-व्हिनेगर-नवसागर लावलेलं. पुजेतली मूर्ती आणि खाचाखाचांत हिरवी भुकटी, या दोन गोष्टी सहसा एकत्र बसत नाहीत. तीन छोट्या चाचण्या विक्रेत्यासमोर, त्याची परवानगी घेऊन करा:

कापसाच्या काडीला डिस्टिल्ड पाणी लावून हिरवा भाग हलकेच टिपा. नवसागराचा रंग बहुतेक सगळा निघून येतो आणि खाली स्वच्छ धातू दिसतो. खरा कळंक (पितळेवरचा हिरवा गंज) धातूला चिकटून असतो आणि त्याच्याखाली आधी तांबूस, मग तपकिरी थर लागतो.

दुसऱ्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून तळाच्या कडेवर फिरवा. कापूस तपकिरी झाला तर बूटपॉलिश किंवा लाखेचा थर आहे. शतकाच्या हवेने आलेला रंग अल्कोहोलने निघत नाही.

मग भिंग घेऊन थरांचा क्रम बघा. एखादा ओरखडा निवडा. जुन्या मूर्तीवर काही ओरखडे तपकिरी थराच्या खाली गेलेले, काही वर आलेले, म्हणजे वेगवेगळ्या काळातले असतात. सगळेच ओरखडे एका रंगाखाली, किंवा शेंदूर नव्या ग्राइंडरच्या खुणांवर थेट बसलेला, तर सगळं एका दुपारी झालेलं आहे.

हे सगळं करूनही साठ वर्षं की सव्वाशे, हे डोळ्यांनी कोणी सांगू शकत नाही. वापरलेली की न वापरलेली, हाताची की प्रत, एवढंच खात्रीने कळतं. 'नक्की १२५ वर्षं' म्हणणाऱ्याला विचारा, कशावरून?

---

धातुपारख

वरच्या प्रतिसादात धातूच्या चाचणीची भर घालतो. हल्ली सोनाराकडे असतं तसं एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातू ओळखणारं) यंत्र वापरून मिश्रण काढून घेता येतं, पण निकाल वाचताना दोन चुका नेहमी होतात.

एक म्हणजे, जस्त २८-३० टक्क्यांच्या वर गेलं की वस्तू आधुनिक, असा ठोकताळा परदेशी लेखांतून इकडे आला आहे. तो युरोपातल्या जुन्या पद्धतीच्या पितळेला लागू पडतो. आपल्याकडे राजस्थानात जावरला जस्त ऊर्ध्वपातनाने वेगळं काढण्याचा उद्योग युरोपच्या कितीतरी शतकं आधीपासून होता, त्यामुळे भारतीय पितळेत जास्त जस्त सापडलं म्हणून ते नवं ठरत नाही.

दुसरं, किरण पृष्ठभागाच्या फार आत जात नाहीत. वरच्या थरात जस्त कमी झालेलं असतं, शेंदूर लागला असेल तर शिसं किंवा पारा दाखवतो. वाचन नेहमी तळाच्या घासलेल्या कडेवर, तीन-चार ठिकाणी घ्या.

उपयोगी पडते ती वेगळीच खूण. तांबं ५८, जस्त ३९, शिसं ३ टक्के असा आकडा सगळीकडे सारखा आला तर ते नळ-व्हॉल्व्हच्या कारखानी पितळेची मोड वितळवून ओतलेलं आहे. खेड्यातला जुना ओतारी घरोघरची फुटकी भांडी वितळवायचा. त्यात पितळ, थोडं कासं, डागाचं कथील असं मिसळलेलं असतं, आणि एकाच मूर्तीच्या दोन टोकांनाही आकडे थोडे हलतात.

गाभ्याची थर्मोल्युमिनसन्स चाचणी (माती शेवटची कधी तापली ते मोजणारी) कोणी सुचवेल. गाभा ओतकामात तापलेला असल्याने तत्त्वतः ती बरोबर आहे, पण तिची चूक २०-२५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, आणि खालून गाभा कोरून नमुना द्यावा लागतो. शंभर वर्षांच्या आसपासच्या वस्तूसाठी तो खर्च आणि ती इजा करू नये.

---

सनदशीर

बिलाचा मुद्दा सगळे बाजूला ठेवतात, पण इथे तोच आधी यायला हवा.

पुरावस्तू आणि कलानिधी कायदा १९७२ चा, अंमलात आला ५ एप्रिल १९७६ ला. शंभर वर्षं पूर्ण झालेली मूर्ती, मग ती दगडाची असो, धातूची, लाकडाची की मातीची, पुरावस्तू ठरते (हस्तलिखितांसाठी मर्यादा ७५ वर्षं). अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. धातूची शिल्पं नोंदणी करण्याच्या वर्गात येतात. मूर्ती ताब्यात आल्यापासून पंधरा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो, आणि नोंदलेली वस्तू हस्तांतरित झाली की तेही कळवावं लागतं. खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. नेली तर किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे.

आता तुमच्या विक्रेत्याचं बोलणं या चौकटीत ठेवून बघा. मूर्ती खरंच सव्वाशे वर्षांची असेल तर त्याने परवाना आणि नोंदणीचा दाखला दाखवायला हवा. तो नसेल तर एकतर वय खोटं, नाहीतर विक्री बेकायदा. 'हस्तकलेची वस्तू' असं बिल देऊन तोंडाने सव्वाशे वर्षं सांगणं म्हणजे किंमत पुरावस्तूची घ्यायची आणि जबाबदारी तुमच्यावर टाकायची. त्याला सांगा, जे वय तोंडाने सांगता तेच बिलावर लिहा. पुढचं संभाषण बहुतेक तिथेच बदलतं.

'जमिनीत सापडली' असं सांगून कोणी विकत असेल तर आणखी एक कायदा लागतो, १८७८ चा निखात निधी कायदा. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. रक्कम हास्यास्पद वाटेल, कायदा अजून आहे.

'देवगुडीतून आली' हे वाक्य तर विक्रीचं आकर्षण म्हणून वापरलं जातं याचं मला नेहमी वाईट वाटतं. देवगुडी ही गावाची असते. कोणी एकाने ती मूर्ती विकली असेल तर गावाने दिली होती का? दिली नसेल तर तो चोरीचा माल आहे, आणि जाणूनबुजून चोरीचा माल घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. विक्रेत्याने स्वतःच तुम्हाला सांगून ठेवलंय, म्हणजे 'मला माहीत नव्हतं' हेही म्हणता येणार नाही.

मुकुटाला हातही लावू नका. गवा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. शिंगं किती जुनी, मुकुट कोणी केला, याने काही फरक पडत नाही. त्यांची खरेदी-विक्री बंद आहे, फक्त वारसाने आणि मालकीचा दाखला असेल तरच ती पुढे जाऊ शकतात. २००३ साली अशा वस्तू जाहीर करायला शासनाने एक संधी दिली होती, तेव्हाचा कागद नसेल तर विषय संपला. अस्वलाची नखं, वाघाचे दात, हस्तिदंत, धनेशाची चोच असलेल्या नागा माळा आणि मुकुट, सगळ्यांना हेच.

---

रानवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. मुकुटाचा विचार सोडला. आज परत जाऊन मूर्ती नीट बघितली, फोटो काढू दिले नाहीत म्हणून लिहून देतो.

चौथरा खालून उघडा आहे. आत काळी, टणक माती, भिंगातून तुसाच्या आकाराची भोकं स्पष्ट दिसतात. पायांच्या बेचक्यात रेघ नाही. हिरवी भुकटी ओल्या काडीवर जवळजवळ पूर्ण निघून आली, खाली पिवळं चकचकीत पितळ. अल्कोहोलच्या काडीला तपकिरी रंग आला. स्वाराच्या गुडघ्यावरचे दोरे आणि मांडीखालचे दोरे सारखेच ठसठशीत वाटले. चौथऱ्याच्या कडेला समांतर वाकडे ओरखडे आहेत, त्यांतही तपकिरी रंग भरलेला. घोड्याच्या मानेवर एक दोरा संपून दुसरा सुरू होतो तिथे बारीकशी चढलेली गाठ दिसते, ती फार आवडली.

बिलावर वय लिहा म्हटल्यावर 'अंदाजे सांगितलं होतं' असं उत्तर मिळालं.

---

मेणसाचा

मग चित्र स्पष्ट आहे. गाभा खरा, दोरे खरे, ती दोऱ्याची गाठही खरी. प्रतीमध्ये ती गाठ भरून जाते, तिची कड दिसत नाही. म्हणजे कोणीतरी घडवा कारागिराने हाताने केलेली अस्सल मूर्ती आहे. फक्त ती जुनी नाही. झीज नाही, ग्राइंडर फिरलेला, वरून पॉलिश आणि नवसागर. हे जुनं करण्याचं काम कारागिराने केलेलं नसून पुढे मधल्या कोणीतरी केलेलं असण्याचीच शक्यता जास्त.

त्यामुळे किंमत आजच्या चांगल्या हाताच्या कामाची व्हावी. आज कोंडागावात थेट कारागिराकडून घेतलं तर वजन आणि काम बघून दर ठरतो. तिथल्या एक-दोघांकडे १७ सेंटिमीटरच्या घोडेस्वाराचा भाव आधी विचारा आणि मग नागपुरात बोला. ८५ हजार कुठल्याही हिशोबात बसत नाहीत.

---

इंद्रावतीकाठ

देवगुडीची कथा खोटी निघाली हे एका अर्थी बरंच झालं, कारण ती खरी असती तर मूर्ती घेण्याजोगी राहिली नसती.

थोडं या विषयावर, कारण आदिवासी वस्तू जमवणाऱ्यांनी हे आधी ठरवायला हवं असं मला वाटतं. तुमचा घोडेस्वार बहुधा राव देव. गावाची राखण करणारा देव, घोड्यावर, हातात तलवार. त्याला मातीचे घोडेही वाहतात. घडव्यांचं जुनं काम हे अशा देवांच्या लहान मूर्ती, देवाला वाहायचे हत्ती-घोडे, धान्य मोजायची मापं, दिवे, घुंगरू, पैंजण असं होतं. हाताच्या मुठीत मावणाऱ्या, जाडसर, ठेंगण्या मूर्ती जास्त. उंच सडपातळ बायका, वाद्यं वाजवणाऱ्यांचे संच, झिटकू-मिटकी या लोककथेतल्या जोडप्याच्या सजावटी जोड्या, भिंतीवर लावायचे पट्टे, मेणबत्तीचे स्टँड ही शहरातल्या गिऱ्हाइकासाठी वाढलेली रूपं. ती कमी दर्जाची आहेत असं मुळीच नाही. जयदेव बघेल यांच्यासारख्या राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त कारागिराने तीच पद्धत वापरून स्वतःची शैली उभी केली. पण सडपातळ जोडी दाखवून कोणी 'दीडशे वर्षांची' म्हणत असेल तर ऐकून घ्यायचीही गरज नाही.

पुजेतली वस्तू आणि वापरातली वस्तू यांत मी कडक रेघ मारतो. माप, दिवा, पैंजण, तंबाखूची डबी, फणी, या वस्तू घरातली माणसं पूर्वीपासून विकत, बदलत आली आहेत. देव, पूर्वजांच्या खुणा आणि मृतांची स्मारकं यांचं तसं नाही. मेळघाटात कोरकू लोक मृतांसाठी सागाचे कोरीव मुंडा झाडाखाली उभे करतात, वर सूर्य-चंद्र आणि घोडेस्वार. हे फलक शहरातल्या दिवाणखान्यांत भिंतीला टेकलेले दिसतात तेव्हा त्यांच्या मागे एका कुटुंबाचा माणूस असतो, हे घेणाऱ्याने लक्षात ठेवावं. केनियातल्या मिजिकेंडा लोकांच्या विगांगो या स्मारक-खांबांचं हेच झालं. रानातून उपटून ते अमेरिकेत विकले गेले आणि नंतर काही संग्रहालयांना ते परत करावे लागले. ऑक्टोबर २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या एका लिलावात शिंगं लावलेली नागा माणसाची कवटी विक्रीला होती, नागालँडमधून जोरदार विरोध झाल्यावर ती मागे घेतली गेली. बाजार बदलतो आहे, आणि जी वस्तू आज लाजेने झाकावी लागते ती उद्या कोणी विकतही घेणार नाही.

मग घ्यावं काय? साधारण १९५० ते १९८० मधल्या वस्तू बघा. पुरावस्तूच्या मर्यादेच्या बऱ्याच अलीकडच्या, हाताचं काम उत्तम, आणि त्यांच्याबद्दल अजून काही कळू शकतं: कोणत्या प्रदर्शनात घेतली, जुनं बिल, घरातला जुना फोटो, कारागिराचं गाव. गाव माहीत असलेली छोटी वस्तू मी गाव माहीत नसलेल्या मोठ्या वस्तूच्या आधी घेईन. विक्रेत्याला वय विचारण्याआधी हे विचारा: कोणाकडून घेतली, कोणत्या साली, त्या माणसाकडे ती कशी आली, कुठला कागद आहे. उत्तर 'आदिवासी भागातून' इथेच थांबलं तर तेच उत्तर समजा.

घेतल्यावर प्रत्येक वस्तूचं एक कार्ड करा. लांबी, रुंदी, उंची मिलिमीटरमध्ये, वजन, चारही बाजूंचे आणि तळाचे फोटो मोजपट्टी ठेवून, दोष आणि डागडुजी, विक्रेत्याने सांगितलेलं सगळं त्याच्या शब्दांत, आणि त्यातलं स्वतः तपासलेलं कोणतं ते वेगळं. क्रमांक वस्तूवर थेट पेनाने टाकू नका, सुती दोऱ्याला कागदी चिठ्ठी बांधा.

डोळा तयार करायला नागपुरातच अजब बंगल्यात (मध्यवर्ती संग्रहालयात) आदिवासी दालन आहे. पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालय, भोपाळला मानव संग्रहालय, आणि जगदलपूरचं मानववैज्ञानिक संग्रहालय. जगदलपूरला नक्की जा, तिथून कोंडागाव साधारण ७५ किलोमीटर आहे. काचेतल्या मूर्तींचे गुडघे आणि नाकं बघा, सुंदर दिसतात म्हणून नाही, झीज कशी असते ते डोळ्यात बसावं म्हणून.

---

दमट_हवा

निगेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. घेतलेली मूर्ती नवी असो वा जुनी, हे लागू आहे.

चिंच, लिंबू, पितांबरी बंद. देवघरातल्या तांब्याला ठीक आहे, इथे नाही. आम्लाने पितळेतलं जस्त आधी सुटतं आणि गुलाबी-तांबूस डाग मागे राहतात, ते परत जात नाहीत. जुना तपकिरी थर एका धुण्यात गेला की वस्तूचं वयही गेलं आणि किंमतही.

पाण्यात बुडवू नका. आत मातीचा गाभा आहे, तो पाणी पितो, धरून ठेवतो आणि त्यातले क्षार आतून धातू खातात. बाहेरून वाळलेली मूर्ती सहा महिन्यांनी छिद्रांच्या कडेला हिरवी व्हायला लागते ती यामुळे. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढायची, खाचेतली माती बांबूच्या टोकदार काडीने. हट्टी डागाला अल्कोहोल लावलेली कापसाची काडी. सुई, ब्लेड, तारेचा ब्रश यांपैकी काही नको. जुना शेंदूर, हळद, तेलाची पुटं अजिबात काढू नका, तो वस्तूच्या वापराचा पुरावा आहे.

नवसागर लावलेल्या मूर्तीला एक खास धोका आहे. नवसागरातलं क्लोराइड तांब्याला लागून राहतं आणि दमट हवेत पुन्हा पुन्हा फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी वर येते. खाली बारीक खड्डे पडत जातात. रानवाट यांनी ही मूर्ती घेतलीच तर भुकटी डिस्टिल्ड पाण्याच्या काडीने टिपून, लगेच अल्कोहोलने पुसून, केस वाळवायच्या यंत्राच्या कोमट हवेवर वाळवावी आणि महिनाभर त्याच जागांवर लक्ष ठेवावं. परत आली तर घरी प्रयोग नकोत. बेंझोट्रायझोल लावून गंज रोखण्याचा उपाय इंटरनेटवर वाचायला मिळेल, पण ते रसायन नाकातोंडात जाणं चांगलं नाही आणि गाभा असलेल्या वस्तूला ते कसं द्यायचं हे शिकलेल्या माणसानेच ठरवावं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारा.

साठवण: आर्द्रता ३५ ते ४५ टक्के. नागपुरात उन्हाळ्यात काही करावं लागत नाही, पावसाळ्यात लागतं. मुंबई-कोकणात वर्षभर लागतं. घट्ट झाकणाचा पॉलिप्रॉपिलीनचा डबा, दर लिटरला २० ग्रॅम सिलिका जेल, म्हणजे दहा लिटरच्या डब्याला २०० ग्रॅम, आणि आत एक छोटं आर्द्रतामापक. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास, गार झाल्यावर परत. नव्या प्लायवूडच्या किंवा एमडीएफच्या कपाटात बंद करून ठेवू नका, त्यातून सुटणारी आम्लं आणि फॉर्माल्डिहाइड धातूला बाधतात. वर्तमानपत्र, लोकर, फोम, रबरबँड हेही दूर. धुऊन वाळवलेलं, स्टार्च नसलेलं मलमल चालतं.

मेण लावायचं तर मायक्रोक्रिस्टलाइन मेण, अगदी पातळ हात, फक्त उघड्या धातूवर. शेंदराच्या पुटावर नाही.

---

सातासमुद्रापार

धागा फार उपयोगी आहे. एक उपप्रश्न: पुढच्या महिन्यात भारतात येते आहे, कोंडागावच्या कारागिराकडून नवीन मूर्ती घेऊन न्यू जर्सीला नेली तर कस्टममध्ये काही अडतं का?

---

सनदशीर

नवी मूर्ती न्यायला बंदी नाही. अडतं ते ती जुनी दिसते म्हणून. घडवा काम मुळातच खडबडीत आणि तपकिरी छटेचं असतं, तपासणाऱ्या अधिकाऱ्याला ती जुनी वाटली तर थांबवण्याचा त्याला अधिकार आहे. म्हणून कारागिराकडून किंवा सहकारी संस्थेकडून बिल घ्या, त्यावर 'नवीन हस्तकला', तारीख, उंची, वजन आणि शक्य असेल तर मूर्तीचा फोटो चिकटवून सही. बस्तर ढोकऱ्याला भौगोलिक मानांकन आहे, त्याची चिठ्ठी मिळाली तर तीही जोडा. मूर्तीवर मुद्दाम जुना रंग चढवून घेऊ नका.

१९५०-८० मधली वस्तू न्यायची असेल तर बिलावर अवलंबून राहू नका. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला आधी घ्या. त्यासाठी वस्तू प्रत्यक्ष दाखवावी लागते, म्हणून परतीच्या आदल्या दिवशी नाही, भारतात पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात मंडळ कार्यालयात चौकशी करा. मोरपिसं लावलेलं काही घेत असाल तर ते इथेच ठेवा. गळून पडलेली पिसं देशात विकता येतात, बाहेर नेता येत नाहीत.

बांधताना तलवार, कान आणि लगाम हे सगळ्यांत आधी मोडतात. त्यांच्याभोवती आधी मलमल, मग फक्त प्रवासापुरते फोमचे तुकडे असे लावा की टोकावर भार येणार नाही, चौथरा खोक्याच्या तळाला घट्ट बसवा आणि मूर्ती आडवी न ठेवता उभी न्या. हातातल्या सामानात नेऊ नका, तलवारीवरून सुरक्षा तपासणीत अडवतील.